पंचवटी ते सातपूर रोज सायकलने: पार्किंगमधली गिअरची सायकल कामाला कशी लावू?

नऊची_शिफ्ट
नमस्कार मंडळी. हौसेने घेतलेली सायकल पाच वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी आहे. २६ इंची चाकं, ट्रॅक्टरसारखे दातेरी टायर, पुढे शॉकअप, दोन्हीकडे वायरवाले डिस्क ब्रेक, पुढे ३ मागे ७ असे २१ गिअर. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी कुणीतरी काढून नेली.

राहतो नाशिकला, मखमलाबाद नाक्याजवळ, कंपनी सातपूर एमआयडीसीत. रामवाडी पूल, अशोक स्तंभ, गंगापूर रोड, जेहान सर्कल, महात्मानगर, एबीबी सर्कल असा रस्ता. नऊ किलोमीटरच्या आतबाहेर. सोबत डबा, लॅपटॉप, एक जादा शर्ट.

मागच्या आठवड्यात दोन दिवस जाऊन पाहिलं. पहिल्या दिवशी गुडघे धरले. दुसऱ्या दिवशी पाठ घामाने चिंब आणि सॅकमधली मटकीची उसळ चार्जरवर. बायको म्हणाली, स्कूटर काय पूजेला ठेवली आहे का? दुकानदार म्हणतो, ही विका, हायब्रिड (रस्त्यासाठीची हलकी सायकल) घ्या. खरंच नवी घ्यावी लागेल का? आधीच सांगतो, हातात पाना धरायची वेळ आयुष्यात आलेली नाही.

सिडकोवाला
विकून टाका. शॉकअपवाली एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) रोज चालवणं म्हणजे बुलडोझरने भाजी आणायला जाणं.

रिंग_आउट
विकायची घाई करू नका. पाच वर्षं उभ्या सायकलला किती मिळणार? त्यापेक्षा कमी पैशात ती रोजच्या कामाची होते. पण आधी फुकटातलं काम करा.

तुमचे गुडघे सीटमुळे दुखलेत, पैज लावतो. आपल्याकडे सीट इतकी खाली ठेवतात की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. तसं बसलं की प्रत्येक फेरीत गुडघा नको तितका दुमडतो. भिंतीला धरून सायकलवर बसा, पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पंजा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक उरतो, तो बरोबर. मोजूनच करायचं असेल तर अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, दोन पायांमध्ये जाड पुस्तक वर दाबून धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्या. त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंटिमीटर आलं तर उत्तर ७०.६. पायडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवा. एकदम चढवू नका, रोज अर्धा सेंटिमीटर वर घ्या, नाहीतर मांड्या शिव्या देतील. आणि सीटच्या नळीवर कमीत कमी किती आत हवी याची खूण असते, ती खूण बाहेर दिसता कामा नये.

सिग्नलला पाय टेकत नाही म्हणून घाबरू नका. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि एक पाय खाली. दोन दिवसांत सवय होते.

दुसरं टायर. ते दातेरी टायर मातीसाठी असतात. डांबरावर ते घूंऽऽ आवाज करतात आणि तो आवाज तुमच्या मांड्यांच्या खर्चाने होतो. २६ × १.५० चे गुळगुळीत टायर टाका. हवा ५० पीएसआयच्या आसपास, मागे थोडी जास्त. कडेवर छापलेली कमाल मर्यादा बघूनच भरा.

नऊची_शिफ्ट
काल रात्री जिन्याखाली बसून सीट वर घेतली. पुस्तक म्हणून मुलीचा ॲटलास वापरला. सीट तब्बल सहा सेंटिमीटर खाली होती! आज दोन सेंटिमीटरच चढवली, तेवढ्यानेच महात्मानगरचा चढ वेगळा वाटला.

टायर मात्र फसला. दुकानात २६ चा बारीक टायर मागितला, पोराने दिला, घरी आणला तर रिंगवर चढेचना. ओढून ओढून बोटं लाल झाली.

रिंग_आउट
टायरवर काय लिहिलंय? २६ × १ ३/८ असणार.

नऊची_शिफ्ट
हो! तुम्हाला कसं कळलं?

रिंग_आउट
सगळे एकदा तरी इथे आपटतात. २६ × १ ३/८ हा लेडीज सायकलचा टायर, त्याच्या रिंगचा व्यास ५९० मिलिमीटर. तुमची एमटीबीची रिंग ५५९ ची. दशांशातला २६ आणि अपूर्णांकातला २६ हे सख्खे सोडा, चुलत भाऊसुद्धा नाहीत. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ४०-५५९ असा आकडा असतो: पहिला रुंदी, दुसरा रिंगचा व्यास. दुकानात इंच सांगायचेच नाहीत, दुसरा आकडा सांगायचा. इतरांनाही उपयोगी पडेल: २७.५ म्हणजे ५८४, २९ आणि ७००सी दोन्ही ६२२, आणि काकालोकांच्या काळ्या सायकलचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५. त्यामुळे २८ इंची सायकलला ७००सीचा टायर बसत नाही, दिसायला कितीही सारखा असला तरी.

जुना_प्रेसवाला
काळ्या सायकलचं नाव निघालं म्हणून लिहितो. नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरी केली, सगळी सायकलवर. शिफ्ट सुटली की गेटातून सायकलींचा लोंढा निघायचा. ना कुणाला गिअर, ना कुणाला शॉकअप. माझी २८ इंची अजून आहे, नातू तिला रणगाडा म्हणतो. पूर्ण झाकलेलं चेनकव्हर, लोखंडी मडगार्ड, मागे कॅरिअर, डबल स्टॅण्ड, डायनामो. म्हणजे तुम्ही लोक आता ज्या वस्तू एकेक करून विकत घेताय त्या सगळ्या कारखान्यातूनच लागून यायच्या. मग कंपन्यांनी त्या काढल्या, सायकल 'स्पोर्टी' झाली, आणि पँटला ऑइल लागायला लागलं.

२१ गिअरचं काय करता हो तुम्ही? मी ४४ दाती चक्र आणि मागे १८ यावर देवळालीपर्यंत जायचो.

सिडकोवाला
काका तेव्हा गुडघेही कारखान्यातून चांगले यायचे.

रिंग_आउट
काकांना दंडवत. पण हिशेब करून बघू. ४४ ला १८ म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचं चाक २.४४ वेळा फिरतं, २८ इंचीवर साधारण ५.४ मीटर. आमच्या नऊच्या शिफ्टला पुढचं मधलं चक्र ३४ आणि मागे १८ लावलं तर एका फेरीत ३.८ मीटर. मिनिटाला ७५ फेऱ्या मारल्या तरी ताशी १७ किलोमीटर होतात, म्हणजे नऊ किलोमीटर अर्ध्या तासाच्या थोडं पुढे. सिग्नल वेगळे. सगळ्यात हलका गिअर, २४ ला २८, तो १.७ मीटरचा. म्हणजे काकांच्या तिप्पट हलका. रोजच्या रस्त्याला २१ लागत नाहीत हे खरंच. पुढचं मधलं चक्र लावून ठेवा आणि फक्त उजव्या हाताने मागचे सात वापरा, डावा हात विसरलात तरी चालेल. सिग्नलला थांबण्याआधी हलका गिअर टाकायचा, थांबल्यावर नाही. चाक फिरत असतानाच चेन दुसऱ्या चक्रावर जाते.

आणि नाशिकची एक गंमत लक्षात घ्या. गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, म्हणजे सातपूरकडे जाणं हे नदीच्या उलट, चढाकडे जाणं. पावसाळ्यात वाराही तिकडूनच येतो. सकाळी चढ आणि वारा दोन्ही तोंडावर, संध्याकाळी दोन्ही पाठीवर. सकाळच्या वेगावरून निराश होऊ नका.

ज्यांची बिनगिअरची आहे त्यांनी मागचं १८ दातांचं फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) काढून २० दातांचं टाकून बघा. साधारण दहा टक्के हलकी होते. चेन एखादी कडी वाढवावी लागू शकते.

गोदाकाठची
मी नाशिकरोडहून द्वारका चौकाच्या पलीकडे शाळेत जाते, लेडीज सायकल, चार वर्षं झाली. इथे सगळे दातांचे आकडे सांगताहेत, मी कपड्यांचं सांगते. ओढणी आणि साडी मागच्या चाकात जाते. जाळीचं साडीगार्ड मिळतं ते बसवून घ्या, त्याला पर्याय नाही. चेनकव्हर हवंच. पुरुषांनी उजव्या पायाला पँटवर वेल्क्रोची पट्टी बांधा, रबरबँड बांधून पाय सुजवू नका.

सॅक पाठीवर घ्यायचीच नाही. कॅरिअर बसवा आणि बाजूला लटकणारी पॅनिअर बॅग घ्या, किंवा माझ्यासारखी साधी प्लॅस्टिकची क्रेट कॅरिअरला चार केबल टायने बांधा. भाजी घेऊन येताना तिला तोड नाही. डबा नेहमी तळाशी, उभा, आणि लॅपटॉप दुसऱ्या बाजूला. उसळीचा प्रश्न सायकलचा नसून डब्याच्या रिंगचा आहे हेही जाता जाता सांगते.

आणि द्वारकेच्या चौकात मी सरळ उतरते आणि सायकल हातात धरून पायी ओलांडते. कुणी हसलं तर हसू दे.

ब्रेव्हेवाला
गोदाकाठची ताई, द्वारकेला मीही उतरतो, आणि मी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब सायकलफेऱ्या) करतो. (साडेतेरा तासांत संपवायची असते ती.)

लाइटबद्दल कुणीच लिहिलं नाही. पुढचा पांढरा लाइट खाली रस्त्याकडे झुकवा, समोरच्याच्या डोळ्यांत मारू नका. मागचा लाल लाइट दिवसाही चालू ठेवा. तो सीटच्या नळीवर लावला की लांब शर्ट किंवा रेनकोट त्याच्यावर पडतो, म्हणून कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावा. दोन स्वस्त लाल दिवे एका महागाहून बरे, एकाची बॅटरी गेली तर दुसरा असतो. पायडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर काढू नका. वरखाली हलणारा उजेड गाडीवाल्याला लांबून कळतो की ही सायकल आहे.

जुना_प्रेसवाला
आमचा डायनामो ६ व्होल्ट ३ वॅटचा. सिग्नलला थांबलं की दिवाही थांबायचा. एवढं सोडलं तर चार्जिंगची कटकट नाही.

सिडकोवाला
ब्रेव्हेवाले आले म्हणजे आता अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने पार करायची ती रेस अक्रॉस अमेरिकाही निघणार.

ब्रेव्हेवाला
निघणारच की. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ती पूर्ण केली. आपल्या गावात सायकलचं वेड आहे, फक्त ते रविवारी सकाळी मिसळीच्या रांगेत दिसतं. सोमवारी तेच लोक कारमध्ये. मीही त्यांतलाच होतो.

नऊची_शिफ्ट
ताई, डब्याची रिंग बदलली. घरात तुमचं कौतुक झालं, माझं नाही.

अहवाल: टायर बदलून मिळाले, ५५९ सांगितल्यावर पोराने माझ्याकडे आदराने पाहिलं. पण कॅरिअर बसेना. मागच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) मध्येच येतो. पुढे मडगार्डला शॉकअपवर भोकच नाही. आणि सगळे म्हणतात शॉकअप काढून साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा बिनस्प्रिंगचा चिमटा) टाका. टाकू का?

सिडकोवाला
टाका! दर चढाला उभं राहून मारलं की तो दबतो, ताकद तिथेच जिरते.

ब्रेव्हेवाला
टाका. किलोभर वजनही कमी होईल.

रिंग_आउट
माझं मत उलटं. फोर्क बदलताना हॅण्डलच्या नळीची लांबी, डिस्क ब्रेक बसवायचे कान, उंची हे सगळं जुळावं लागतं. साधा फोर्क आखूड निघाला तर सायकल पुढे झुकते आणि भार मनगटांवर येतो. आधी शॉकअपच्या उजव्या पायावर लॉकचं बटण आहे का बघा. असेल तर लॉक करून विसरून जा. नसेल तर बसून, हलक्या गिअरमध्ये मारा, तो फारसा हलत नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते जागोजाग खणलेत, त्यात शॉकअपचं थोडं पुण्यही लागेल. ते पैसे मडगार्डला लावा.

कॅरिअरसाठी दोन उपाय. डिस्कवाल्या सायकलीचं कॅरिअर वेगळं मिळतं, त्याचे पाय बाहेर वळवलेले असतात. नाहीतर साध्याच कॅरिअरच्या बोल्टमध्ये धातूचा छोटा स्पेसर टाकून पाय बाहेर काढा, बोल्ट तेवढा लांब घ्या. सीटच्या नळीला एकट्याने अडकणारं कॅरिअर घेऊ नका, लॅपटॉपच्या वजनाने ते डोलतं. साध्या कॅरिअरवर बहुधा २५ किलोची मर्यादा कोरलेली असते. म्हणजे त्यावर माणूस बसवायचा नाही, कितीही लाडका असला तरी.

जुना_प्रेसवाला
पुढच्या मडगार्डचं मी सांगतो. शॉकअपच्या दोन्ही पायांना रबर लावलेली पत्र्याची क्लिप मिळते, ती आवळून तिला मडगार्डची तार बांधायची. मग मडगार्डच्या खालच्या टोकाला जुन्या ट्यूबची वीतभर पट्टी दोन रिव्हेट मारून लटकव. पायावर चिखल उडतो तो पुढच्या चाकाचा, मागच्याचा नाही. ती पट्टी जमिनीपासून चार बोटं वर राहिली पाहिजे. दुकानात मिळणारं ते वर उडालेलं प्लॅस्टिकचं पंख बिनकामाचं. पाठ वाचते, बूट वाचत नाही.

गोदाकाठची
काकांच्या पट्टीला माझं अनुमोदन. माझ्या सायकलला गेल्या जूनपासून आहे, मोजे कोरडे राहतात.

रिंग_आउट
पाऊस यायच्या आत ब्रेकही बघून घ्या. वायरवाल्या डिस्कमध्ये बहुतेक वेळा बाहेरचंच पॅड हलतं, आतलं जागेवर असतं. पॅड झिजलं की लिव्हर हॅण्डलला टेकायला लागतो आणि लोक नुसती वायर ओढत बसतात. आतल्या बाजूला स्क्रू असतो, तो थोडा फिरवून आतलं पॅड डिस्कच्या जवळ आणा. डिस्कवर तेलाचा हात लावू नका, चेनला ऑइल करताना तर मागे फडकं धरा. ज्यांचे रबरवाले ब्रेक आहेत त्यांनी पहिल्या पावसात हलकेच ब्रेक दाबत रिंगवरचं पाणी पुसून घ्यायचं, मग जोरात दाबायचं. रबरात अडकलेले खडीचे कण टाचणीने काढत जा, नाहीतर ते रिंग खातात.

चेन. मोटरसायकलचं वापरलेलं इंजिन ऑइल घालू नका, काळा लगदा होतो. सायकलचंच ऑइल, एकेका कडीवर एक थेंब, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढायचं. बाहेरचं तेल फक्त धूळ गोळा करतं. झीज मोजायची असेल तर मुलीची फूटपट्टी घ्या. बारा जोड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. इंचाचा सोळावा भाग वाढला की चेन बदला, आठवा भाग वाढला तर मागची चक्रंही गेली समजा.

नऊची_शिफ्ट
तीन आठवडे झाले. आतापर्यंतचा खर्च: दोन टायर आणि ट्यूब १७००, कॅरिअर ८५०, मडगार्ड क्लिपांसकट ४५०, लाइट ९००, घंटी ६०, चेन ४००, चौकातल्या मेकॅनिकने दोन्ही चाकांचा आउट (डगमग) काढला आणि मागचा गिअर लावला त्याचे ३५०. ट्यूबची पट्टी त्याने फुकट लावून दिली, वर म्हणाला, ही कल्पना कुठल्या म्हाताऱ्याने दिली? जुना_प्रेसवाला काका, तुमच्यापर्यंत पोचवतोय.

हवा मात्र पेट्रोल पंपावर भरतो. माझ्या ट्यूबचा वॉल्व मोटरसायकलसारखा आहे.

ब्रेव्हेवाला
जपून. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी आणि पंपावरचा दाब दणक्यात येतो. पंपवाला मोबाइल बघत असेल तर टायर फुटतो. स्वतः नळी धरा, थोडं थोडं भरा. नाहीतर गेज असलेला उभा पंप घरी ठेवा, घरातल्या सगळ्या सायकलींना होतो.

नऊची_शिफ्ट
आता नवीन दुखणं. सोमवारी पहिला पाऊस लागला. कपडे कोरडे, बूट कोरडे, डबा कोरडा. पण मंगळवारपासून पायडलच्या प्रत्येक फेरीत टक्. टक्. टक्. जेहान सर्कलपासून कंपनीपर्यंत. डोकं फिरलं. मेकॅनिक म्हणतो पायडलच्या मधलं बेअरिंग गेलं, ७०० रुपये.

सिडकोवाला
मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं विका.

जुना_प्रेसवाला
आधी पायडल आवळून बघ. उजवं नेहमीसारखं आवळतं, डावं उलट फिरतं. डाव्याला सुलट समजून आवळायला गेलास तर ते सुटून हातात येईल.

रिंग_आउट
७०० देण्याआधी एक करा. सपाट रस्त्यावर सीटवरून उठा आणि उभं राहून वीस पायडल मारा. टक् येतो का?

नऊची_शिफ्ट
कंपनीच्या आवारात मारून पाहिले. काकांनी सांगितलं तसे पायडल आधीच आवळले होते. उभं राहिलं की आवाज बंद. बसलं की परत सुरू. वॉचमन विचारत होता, साहेब काय झालं?

रिंग_आउट
मग बेअरिंगचा काही दोष नाही. सीटचा आहे. तुम्ही नळी वर घेतलीत तेव्हा ती कोरडीच घातली असणार, पाच वर्षांच्या धुळीसकट. पावसाचं पाणी आत गेलं. नळी पूर्ण बाहेर काढा, आधी उंचीची खूण टेपने करून ठेवा. नळी आणि आतलं भोक फडक्याने पुसा, बोटभर ग्रीस लावा, पुन्हा खुणेपर्यंत घाला. सीटखालचे दोन बोल्टही सोडून, पुसून, आवळा. कार्बनची नळी असती तर ग्रीस नको म्हटलं असतं, तुमची लोखंडी आहे.

नऊची_शिफ्ट
केलं. नळी काढल्यावर आतून गढूळ पाणी आणि एक मेलेला मुंगळा निघाला. ग्रीस घरात नव्हतं, खालच्या रिक्षावाल्या दादांनी डब्यातून बोटभर दिलं.

आज सकाळी रामवाडी पूल ते सातपूर, टक् नाही. फक्त टायरचा बारीक आवाज आणि पट्टीवर आपटणारं पाणी. ३८ मिनिटं, वारा तोंडावर. येताना ३१.

गोदाकाठची
आणि ७०० रुपयांचं काय केलं?

नऊची_शिफ्ट
मुलीची सायकल बाहेर काढली आहे. मागचा टायर चिरलाय. कडेवर ५९० लिहिलंय. तो पहिला चुकीचा आणलेला टायर मी परत केला नसता तर बरं झालं असतं.